बर्फाच्या पिक्चरमधली जिलबी

आवडता पिक्चर कोणता, असं कुणी विचारलं की मी एक जुनं, चारचौघांत सांगण्यासारखं मराठी नाव सांगतो. समोरचा मान डोलावतो आणि विषय संपतो. इतकी वर्षं मी हे खोटं बोलत आलोय. माझा आवडता पिक्चर इंग्रजी आहे, ऐंशीच्या दशकातला आहे, आणि त्यात पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरणारी वाह्यात पोरंपोरी आहेत. निम्म्या वेळेला त्यात कुणाच्या ना कुणाच्या अंगावरचे कपडे निघालेले असतात. विनोद असे, की त्यातला एकही मला माझ्या मुलीसमोर सांगता येणार नाही. तो मी इतक्या वेळा पाहिलाय, की आवाज बंद करून लावला तरी पुढचं वाक्य कुणाचं हे सांगेन.

आणि तो मी एकट्यानं पाहिलेला नाही. नगरच्या लष्करी छावणीजवळच्या भिंगारमधल्या आमच्या अख्ख्या आळीनं पाहिला. सकाळी विहारात वंदना करून आलेल्या, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायकांनी पाहिला. माझ्या आईनं पाहिला. आईला तो मी दाखवला. का दाखवला आणि त्यातून काय झालं, हे मी घरात कधी बोललो नाही. आता आई नाही, म्हणून लिहितोय.

नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. कॉलेज अर्धवट सोडून मी केबलवाल्याकडे कामाला लागलो होतो. केबल म्हणजे तेव्हा गच्चीवरची एक छत्री आणि तिच्या शेजारी पत्र्याची खोली. खोलीत दोन व्हीसीआर, एक लहान टीव्ही, आणि लाकडी फळीवर ठोकलेला एक खटका. खटका डावीकडे असला की पहिल्या मशीनमधला पिक्चर घरोघरी जायचा. उजवीकडे केला की दुसऱ्या मशीनमधल्या जाहिराती जायच्या. खोलीतल्या लहान टीव्हीवर मात्र पिक्चर चालूच राहायचा. नको तो सीन आला की खटका उजवीकडे, सीन संपला की डावीकडे, हे माझं मुख्य काम. मालकाला आम्ही शेठ म्हणायचो. शेठची एकच ताकीद होती, "आयाबाया बघत असत्यात. एक सीन जरी सुटला ना, तर लोक वायरी तोडून माझ्या गळ्यात घालतील."

जाहिरातींच्या कॅसेटवर साडीचं दुकान होतं, एक शिकवणी होती, पण सगळ्यात आधी होती ती एका मिठाईवाल्याची जिलबी. तापलेली कढई, फडक्यातून वेटोळी सोडणारा हात, आणि मागून दुकानदाराचा स्वतःचा भरडा आवाज. सीन जवळ आला की मी ती कॅसेट पहिल्यापासून लावून तयार ठेवायचो, त्यामुळे खटका दाबला की जिलबीच यायची. थोड्याच दिवसांत आळीला कळून चुकलं, की जिलबी आली म्हणजे तिकडे आपण बघू नये असं काहीतरी चाललंय. पिक्चर कसा होता असं कुणी विचारायचंच नाही. "किती जिलब्या होत्या?" असं विचारायचे.

खोलीतल्या लहान टीव्हीवर ते सीन मी बघत होतो का? बघत होतो. आवाज बारीक करून, दाराला आतून कडी लावून. कधीकधी पिक्चर संपल्यावर कॅसेट मागे नेऊन पुन्हा. हे कबूल करायला मला पन्नाशी गाठावी लागली.

घरात मी आणि आई, दोघंच. वडील लष्कराच्या स्टोअरमध्ये सिव्हिलियन कामगार होते. ते गेल्यावर त्यांच्या जागेवर आई लागली. फाटलेले तंबू आणि ब्लँकेटं शिवायचं काम तिच्याकडे होतं. माझा मोठा भाऊ, दादा, फौजेत. त्या वर्षी गणपती उठल्यावर त्याची पलटण वर गेली. वर म्हणजे नक्की कुठे, हे तो लिहायचा नाही. इथे सगळा बर्फच बर्फ आहे, मी मजेत आहे, माझी काळजी करू नये, एवढंच.

आईनं बर्फ पाहिला होता तो रसवंतीतला, भुश्यात ठेवलेला. एकदा बाजारातून येताना ती रसवंतीपाशी थांबली आणि गोणपाट बाजूला सारून तिनं लादीवर पंजा टेकवला. रसवंतीवाला म्हणाला, "मावशी, हात काढा, बधिर व्हईल." आईनं काढला नाही. बऱ्याच वेळानं काढला, तेव्हा तळवा पांढरा पडला होता.

"आनि हेच्यावर तंबू ठोकून झोपत्यात?" तिनं मला विचारलं. "तंबूचं कापड मी शिवती रं. त्येच्यात ऊब नसती."

त्या दिवसापासून तिनं अंगावर पांघरूण घेणं सोडलं. तिची एक गोधडी होती, जुन्या नऊवाऱ्यांची, जड. ती घडी करून तिनं ट्रंकेवर ठेवून दिली आणि चटईवर नुसत्या लुगड्यावर झोपायला लागली. नगरची थंडी कोरडी असते. ओठ फुटतात, सकाळी नळाखाली हात धरवत नाही. दिवाळी झाली, थंडी वाढली, आईला खोकला धरला. मी भांडलो, ओरडलो, स्टोअरमधल्या बायकांकडून सांगून पाहिलं. तिचं एकच, "पोरगं तिकडं बरफात, आनि मी हितं पांघरून घिऊन घोरू व्हय?" ती झोपल्यावर मी गोधडी हळूच तिच्या अंगावर टाकायचो. सकाळी तीच गोधडी माझ्या अंगावर असायची. खोकला छातीत उतरला तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मलाच झापलं, "आईला साधं पांघरूण देता येत नाही का?"

अशात तो पिक्चर आला.

भिंगारमध्ये साहेब लोकांच्या बदल्या निघाल्या की बंगल्यांतलं सामान विकायला निघतं. वेताच्या खुर्च्या, कूलर, कुंड्यासुद्धा. असंच एका साहेबाच्या घरून शेठनं कॅसेटींचं खोकं उचललं आणि माझ्यापुढे ठेवलं. "बघ बाबा ह्यातलं काय चालंल." वरच्याच कॅसेटवर बर्फाचा डोंगर होता आणि डोंगरावर तोंड फाकवून हसणारा एक पोरगा. मी मशीनमध्ये घातली. सुरुवातीलाच बर्फ दिसला. रसवंतीतला नाही. डोंगरामागे डोंगर, त्यावर ऊन, झाडं पांढरी, आकाश निळंशार. मी उभाच राहिलो. लगेच पुढे एका पोराची विजार निघाली.

पिक्चरची गोष्ट सांगण्यासारखी नाही, पण सांगतो. डोंगरावर एका म्हाताऱ्याचं मोडकळीला आलेलं लाकडी हॉटेल असतं. तिथे चार टवाळ पोरं घसरायला शिकायला येतात. समोर निळ्या जाकिटातली श्रीमंत, गर्विष्ठ पोरं. शेवटी शर्यत. त्या टवाळांतला मुख्य पोरगा, लाल टोपीवाला, पहिल्याच सीनमध्ये डोंगरावर चढवणाऱ्या तारेच्या पाळण्यात बसतो आणि उतरताना त्याची विजार पाळण्यात अडकते. तो खाली, विजार वर. मग अख्ख्या पिक्चरभर ती विजार तारेवरून डोंगराला फेऱ्या घालत राहते. मागे कुणी प्रेमाचं बोलत असतं, कुणी रडत असतं, आणि आभाळातून विजार जाते. अजून लिहितानाही मला हसू येतंय. बाकी मग होतंच. हॉटेलमागे लाकडाचा मोठा हौद, त्यात वाफाळणारं पाणी, आणि त्यात पोरीपोरं बसलेली, अंगावर फक्त वाफ. असे बरेच सीन.

पण मधला बर्फ खरा होता. जाडजूड जाकिटं होती, शेकोट्या होत्या, आणि सगळे सारखे हसत होते. मला वाटलं, आईनं हे बघावं. म्हणजे मी आईसाठीच लावला. आणि त्यानिमित्तानं ते सीन मला पुन्हा बघायला मिळणार हेही मला कळत होतं. दोन्ही खरं आहे.

रविवारी दुपारी दोन वाजता लावला. दादानं कॅन्टीनमधून घेतलेला रंगीत टीव्ही आळीत आमच्याकडेच होता, त्यामुळे विहारातून जेवायला घरी गेलेल्या बायका आमच्या घरी जमल्या. आळीत निम्म्या घरांतली पोरं फौजेत. बर्फाचा पिक्चर म्हटल्यावर कोण घरी बसतंय. मी गच्चीवर खटक्यापाशी. त्या दिवशी बोटं दुखेपर्यंत जिलब्या टाकल्या.

पिक्चर संपल्यावर घरी आलो तर बायका अजून बसलेल्याच. चहा चालला होता. इंग्रजी एकीलाही येत नव्हतं, पण पिक्चरचा अर्थ त्यांनी लावून ठेवला होता. निळ्या जाकिटातले साहेब लोक, बाकीचे जवान. हॉटेलवाला म्हातारा हा सुभेदार, कारण तो सगळ्यांवर ओरडत होता आणि सगळ्यांना खायला घालत होता. तारेवरचा पाळणा राशन वर चढवायला.

"आनि शेवटी पळत्यात ते?" मी विचारलं.

शेजारची आत्या आळीतली सगळ्यात म्हातारी. तिचे दोन नातू फौजेत. ती म्हणाली, "आरं, त्ये सुट्टीसाठी. जो पैला खाली यील त्येला सुट्टी. आमचा थोरला लिहितो ना, सुट्टीला नंबर लागत न्हाई म्हनून. लागंल कसा? वजनदार हाय त्यो, घसरत न्हाई."

"आनि त्या पोरी?" कुणीतरी विचारलं.

"नर्सा," आत्या म्हणाली. "दुसरं कोन आसनार डोंगरावर?"

सगळ्यांना पटलं. आईनं मला एवढंच विचारलं, "एवढ्या गारठ्यात ह्ये अंगुळीचं काय करत असतील?"

पुढच्या रविवारी या बायकांच्या मंडळानं पुन्हा तोच पिक्चर मागितला. मग त्याच्या पुढच्याही. विजार आली की खालच्या घरांतून एकदम आवाज यायचा, "आली बगा! आली इजार!" गच्चीवर मला तो ऐकू यायचा आणि मी एकटाच पत्र्याच्या खोलीत दाद मिळाल्यासारखा हसायचो. मंडळाचा आणखी एक लाडका सीन होता. लाल टोपीवाल्या पोरावर डोंगरावरून बर्फाची दरड येते आणि तो गडप होतो. मित्र बर्फ उकरायला लागतात, भलताच माणूस बाहेर निघतो, मग बकरी निघते, आणि शेवटी भलत्याच ठिकाणी लाल टोपी वर येते, तिच्याखाली बर्फ थुंकणारं तोंड. आई या सीनला सगळ्यात जास्त हसायची. पण घरी गोधडी अजून ट्रंकेवरच होती.

मग एका रविवारी माझ्याकडून सीन सुटला. हौदाचा. मशीन बिघडलं नव्हतं, लाइट गेली नव्हती. मी बघत बसलो होतो, एवढंच. हात खटक्यावर होता, डोळे टीव्हीवर. भानावर आलो तेव्हा हौदातली एक पोरगी उभी राहून टॉवेल मागत होती आणि ते सगळ्या भिंगारनं पाहिलं होतं. मी खटका असा दाबला की फळीचा खिळा निघाला.

घरी जायची हिंमत होईना. अंधार पडायच्या आत जावं तर लागणारच होतं. आळीच्या तोंडापासून मान खाली घालून चालत आलो. बायका ओट्यावरच बसल्या होत्या. मी चपला काढतोय तोवर आत्या म्हणाली,

"का रं पोरा, आज जिलबी उशिरा आली?"

मी दुसरी चप्पल काढायला वाकलो.

"कढई तापली न्हवती व्हय?"

ओटा हसून हसून हलला. एक काकू पदरात तोंड घालून बाजूला पडली. मला वाटलं होतं या बायका शिव्या देतील, निदान लाजतील. लाज होती ती माझ्या एकट्याच्या कानांत, तापलेली. "आंगुळ करत हुत्या बिचाऱ्या," आत्या म्हणाली, "आंगुळीला काय सोटर घालून बसायचं?"

आई आत चुलीपाशी पाठमोरी होती. खांदे हलत होते. मी घाबरलो, जवळ गेलो. ती रडत नव्हती.

"एवढा मोठा हौद," ती डोळे पुसत म्हणाली. "वाफा बगितल्या का? नुसतं कढत पानी. आनि भाईर बरफ." मग हसू ओसरलं आणि तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "आपल्या दादाला मिळत आसंल का रं आसं पानी?"

"मिळतं की," मी म्हणालो. "सगळ्या चौक्यांवर असतो तसला हौद. सरकारी असतो."

सरकारी हा शब्द मला कुठून सुचला माहीत नाही. त्या शब्दानं तिची खात्री पटली. त्या संध्याकाळी अंथरुणं घालताना तिनं ट्रंकेवरची गोधडी काढली, झटकली, आणि पायांवर ओढून घेतली. मी भिंतीकडे तोंड करून पडलो. एवढा आनंद मला दहावी पास झाल्याचाही झाला नव्हता.

पुढच्या रविवारपासून हौदाची जिलबी मी जरा उशिरा टाकायला लागलो. वाफ दिसेपर्यंत. आईसाठी, असं मी स्वतःला सांगायचो. शेठनं एकदा दारातून पाहिलं आणि म्हणाला, "आईचं नाव पुढं करून बरंच बघून घेतोस की." मी त्याला उत्तर दिलं नाही. आज देतो. शेठ, बरोबर होतं तुमचं.

खोकला बरा झाला. जानेवारीत दादा महिन्याभराच्या सुट्टीवर आला. काळवंडला होता, गालांची सालं निघालेली. आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं आणि तो खाली बसतोय न बसतोय तोच विचारलं, "तिथं ती कढत पान्याची सोय हाय ना रं? लाकडाचा हौद?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी आईच्या मागे उभा राहून दोन्ही हात जोडले.

"हाय की," दादा म्हणाला. "रोज असतं पाणी."

"आनि नर्सा?" दारातून आत्यानं विचारलं.

"त्या बी हायेत आत्या. लई काळजी घेतात."

आत्या मान हलवत गेली. दादानं मला मोरीपाशी गाठलं आणि कान धरला. "काय दाखवलंयस रं घरात?"

त्या रात्री आईनं तिची गोधडी दादाच्या अंगावर टाकली, लहानपणी टाकायची तशी, पार डोक्यावरून. तो झोपेत होता. एकदम उठून बसला, गोधडी भिरकावली आणि तोंड उघडं टाकून श्वास घ्यायला लागला. "काय झालं रं?" आईनं विचारलं. "उकडतंय," तो म्हणाला. बाहेर दहिवर पडलं होतं. आई म्हणाली, "सवय झाली आसंल थंडीची." आणि गोधडी पुन्हा स्वतःच्या अंगावर घेतली.

रविवारी दादाला मी गच्चीवर घेऊन गेलो. खाली मंडळ जमलं, वर आम्ही दोघं. त्यानं तो पिक्चर लहान टीव्हीवर, एकही जिलबी न खाता, पुरा पाहिला. विजार अडकली तेव्हा त्यानं माझ्या पाठीत एवढ्या जोरात थाप मारली, की मी खटक्यावर आदळता आदळता राहिलो. हौद आला तेव्हा शीळ घातली. "असला हौद असता तर सुट्टीवर आलो असतो का रं बारक्या?" इतका मोकळा हसताना मी त्याला वडील गेल्यापासून पाहिलं नव्हतं. ती दुपार मला अजून हवी आहे. पत्रा तापलेला, गरम मशीनचा वास, दादाचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला, आणि वाह्यात विनोदांना दोघंही एकाच वेळी हसतोय, एकमेकांकडे न बघता.

मग दरड आली. लाल टोपी बर्फाखाली गेली. मी सवयीनं हसायला लागलो. शेजारी आवाज नव्हता.

टीव्हीवर बकरी निघाली. खालच्या घरांतून हसू वर आलं. त्यात आईचं वेगळं ओळखू येत होतं.

"हे बी दाखवतोस?" दादानं विचारलं.

"ह्यात काय घाण नाही."

"आई हसती ह्याला?"

"सगळ्यात जास्त."

तो खटक्याकडे बघत बसला. मग सांगायला लागला, ड्युटी सांगावी तसा. त्यांच्या तंबूवर अशीच दरड आली होती. आत तिघं होते. डोळे उघडे आहेत का मिटलेले, हे कळत नाही. तोंडावर काहीतरी बसल्यासारखं होतं आणि वर कुठल्या बाजूला आहे तेच समजत नाही. दादाचा एक हात बाहेर राहिला होता, म्हणून तो दिसला. "माझ्या बाजूला एक जण होता," तो म्हणाला, "साताऱ्याकडचा." टीव्हीवर लाल टोपी वर आली आणि तोंडातला बर्फ थुंकून काहीतरी वाह्यात बोलली.

"हे काप," दादा म्हणाला. "बाकी काय दाखवायचं ते दाखव. पण हे काप. जिलबी टाक ह्याच्यावर."

सुट्टी संपून तो गेला. जाताना आईला म्हणाला, "हौदात बसलो की तुझी आठवण काढतो." आईनं त्याच्या पाठीवर बुक्की मारली.

त्याच्यानंतरच्या रविवारी मी खटक्यापाशी तयार बसलो. हौदाला उशीर केला नाही. दरड यायच्या आधी कॅसेट पहिल्यापासून लावून ठेवली, आणि डोंगरावरून पांढरं सुटलं तसा खटका उजवीकडे केला. कढई, हात, वेटोळी. एक घाणा, दुसरा घाणा. सीन संपल्यावर डावीकडे. काम चोख झालं होतं. भावानं सांगितलेलं एक काम मी नीट केलं, असं वाटून मला बरं वाटत होतं.

घरी आलो तर ओटा मोकळा. बायका लवकर उठून गेल्या होत्या. आई आत, टीव्ही बंद करून त्याच्यासमोर बसलेली.

"आज त्ये पोरगं बरफातनं भाईर आलंच न्हाई," ती म्हणाली.

मी म्हणालो, "कॅसेट खराब झालीय तिथं. घासलीय."

"खराब झाली तर मुंग्या दिसत्यात. जिलबी कशाला यील?"

तिनं मला दुसरं काही विचारलं नाही. दादाचं नाव काढलं नाही. फक्त म्हणाली, "उकडतंय म्हनाला त्यो," आणि उठून चुलीकडे गेली.

त्या संध्याकाळी तिनं गोधडी नीट चौघडी केली आणि ट्रंकेवर ठेवून दिली.

मी तिला खरं सांगू शकलो असतो. दादा बाहेर आला, हात बाहेर राहिला होता, लोकांनी ओढून काढला, हे सांगितलं असतं तर कदाचित तिला अर्धी तरी ऊब मिळाली असती. पण मी कापला तो गाडला जाण्याचाही सीन आणि बाहेर येण्याचाही. सांगितलं काहीच नाही. मला बोलण्याची सवय नव्हती. खटका दाबायची होती. उरलेली थंडी तिनं तशीच काढली आणि मी शेजारी पांघरूण घेऊन काढली. हे मी दादालाही सांगितलेलं नाही. तो आता श्रीगोंद्याकडे एका साखर कारखान्याच्या गेटवर असतो, आणि फोनवर अजून विचारतो, "इजार फिरतीय का रं अजून?" मी म्हणतो, "फिरतीय."

एप्रिलमध्ये त्याचं पत्र आलं. पलटण खाली आली होती. आता मैदानात आहे, उन्हानं डोकं फिरतंय, आंबे मिळतात का बघतो. मी ते आईला दोनदा वाचून दाखवलं. तिनं तिसऱ्यांदा वाचायला लावलं आणि म्हणाली, "रविवारी त्यो पिक्चर लाव. सगळा लाव. बरफाच्या टायमाला जिलबी टाकायची न्हाई."

त्या रविवारी मी शेठच्या हातापाया पडून खटका त्याच्याकडे दिला आणि घरी बसलो. बाहेर नगरचं ऊन, पत्रे कडकडत होते, बायका पदरानं वारा घेत होत्या. आईनं ट्रंकेवरून गोधडी काढली आणि सगळ्यांच्या देखत खांद्यावरून पांघरून टीव्हीसमोर बसली. घाम कपाळावरून गळत होता. कुणीतरी म्हणालं, "अगं, मरशील." ती हलली नाही.

विजार आली, गेली. हौद आला आणि बराच वेळ राहिला. "शेठची बी कढई तापत न्हाई वाटतं," आत्या म्हणाली.

मग दरड आली. लाल टोपी खाली गेली. मित्र बर्फ उकरायला लागले. भलताच माणूस निघाला, कुणी हसलं. बकरी निघाली. आईनं माझं मनगट धरलं होतं, मला ते घट्ट झाल्यावर कळलं. टोपी वर आली. तिच्याखाली तोंड आलं, बर्फ थुंकलं.

"आला," आई म्हणाली, आणि गोधडीसकट हसायला लागली.